चोपन्न अंश

रुरोर्ट बंदरालगत हेडविगच्या गुत्त्यात
नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जमतो.
यंदा नऊ जण.
उडो आता नाकात ऑक्सिजनची नळी घालून येतो
आणि तरी पहिला प्रश्न त्याचाच:
टेपांचं काय झालं?

टेपांचं काय व्हायचं.
सत्तेचाळीस वर्षांचं भिजत घोंगडं.
'हाल्डे झीबेन'चा न निघालेला दुसरा अल्बम
आणि होम्बेर्गच्या व्यायामशाळेतली ती रात्र,
सगळी मिळून एकोणीस रिळं
बेसवाल्याच्या बहिणीच्या तळघरात,
वर बटाट्यांची पोती, खाली ऱ्हाईनची ओल.

बँड होता तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.
पहिल्या अल्बमच्या आठशे प्रती,
त्यातल्या तीनशे पुठ्ठ्यांसकट पुरात गेल्या.
आता ओसाकाचा एक दंतवैद्य
दर महिन्याला रोझविताबाईंना पत्र टाकतो.
गेल्या नाताळात मधाची बरणी पाठवली.
बाईंनी मध खाल्ला. उत्तर दिलं नाही.

देव पाण्यात घालून बसलोय आम्ही.
रिळं त्याआधीच पाण्यात.

त्या रात्रीची एक कॅसेट मात्र आमच्यात फिरते,
कुणीतरी कोटाआड दडवून भरलेली,
नकलेच्या नकलेची नक्कल.
ड्रम ऐकू येतो तो असा, की
चार घरं सोडून कुणी गालिचा झोडपतंय.
अकराव्या मिनिटाला गाणं संपतं,
म्हणजे संपत आलेलं असतं,
आणि एक पोरगी ओरडते: नॉखमाल!
पुन्हा!
आणि डीटमारची काठी झांजेवर पडते
आणि त्यापुढची सात मिनिटं, त्यासाठीच तर आम्ही म्हातारे झालो.

त्या पोरीवर उडोने तीन पानं लिहिलीत.
क्लाउस-पेटरच्या मते ती गिटारवाल्याची मैत्रीण.
फोल्कर शपथेवर सांगतो, हॉलंडची होती,
असा घशातून 'ख' दुसरं कोण काढणार?
मी ग्लासावरचा फेस पुसते.
चाळीस वर्षं बंदरात वजनकाट्यावर बसले,
कोळसा तोलला, भंगार तोललं,
एक किलो इकडचं तिकडे लिहिलं नाही,
आणि एवढं एक सांगायचं राहिलं.

सतराची होते. पायात आईचे बूट,
पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले.
अकराच्या आत घरी पोचायचं होतं.
पुन्हा म्हणाले ते संगीतासाठी नव्हेच.

यंदा हेडविगनेच बातमी दिली:
रोझविताबाईंचा खुबा मोडला,
तळघराची किल्ली भाच्याकडे गेली.
भाचा इंगमार, ध्वनीचं काम करतो कोलोनला.
तो स्वतःच आला, कोट न काढता उभ्याउभ्या बोलला.
टेपा आधी भाजाव्या लागतील म्हणाला.
चोपन्न अंश, आठ तास. मग थोडे दिवस वाजतात,
तेवढ्यात उतरवून घ्यायचं.
उडो रडला. नळी काढून पुसून परत घातली.

प्रत्येक वाद्य वेगळं मिळेल, इंगमार म्हणाला,
लख्ख. गर्दीबिर्दी हवी तर काढून टाकू.

आणि कळेलही,
सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळेल,
आधी काठी पडली की आधी मी.
कॅसेटवर दोन्ही एकाच खरखरीत आहे.
डीटमारला विचारता आलं असतं.
शेजारच्याच गल्लीत राहायचा, ब्याण्णवपर्यंत.

मंद आचेचं यंत्र लागेल, इंगमार म्हणाला,
फळं सुकवायचं असतं ना, तसलं.
आहे कुणाकडे?
आठ जण एकमेकांकडे बघत राहिले.

माझ्याकडे आहे, म्हणाले.

रात्री घरी येऊन जाळ्या काढल्या,
सोडा घातला, ब्रशने घासल्या,
तरी आलुबुखारांचा वास काही जाईना.
मग रिकामंच चालू केलं, आकडा चोपन्नवर,
आणि शेजारी स्टूल ओढून बसले.